तुम्ही विचारलंत म्हणून: विग्गो विडेरो माझा कोण लागतो

विग्गो विडेरो या नॉर्वेच्या जुन्या वैमानिकाबद्दल मी सारखी बोलते, म्हणून ओस्लोत गणपतीच्या जेवणाला बसलं की कुणीतरी विचारतंच. करमाळ्याला गेले की चुलत्या विचारतात. "हा विडेरो तुझा कोण लागतो गं? आपल्याकडची माणसं संपली का?" एका मैत्रिणीनं तर तोंडावर विचारलं, "देवमासे मारणाऱ्यांच्या पैशावर उडालेल्या माणसाचं इतकं कौतुक तुला जमतं तरी कसं?" दर वेळी मी अर्धवट काहीतरी बोलते आणि विषय बदलते. मग घरी येईपर्यंत मनातल्या मनात उत्तरं देत राहते. आता एकदाच सगळं लिहिते.

विडेरो विमान कंपनीची हिरव्या शेपटीची विमानं आणि उत्तर नॉर्वेतल्या आखूड धावपट्ट्या तुम्हाला माहीत आहेत, त्याबद्दल काही सांगत नाही. 1934 साली विग्गो, त्याचा धाकटा भाऊ आरिल्ड, हेल्गे स्कापेल आणि त्यांच्या मित्रांनी ही कंपनी काढली, तेव्हा त्यांना मिळेल ते काम हवं होतं. हौशी लोकांना वर नेऊन फिरवून आणायचं, जाहिराती करायच्या, विमान चालवायला शिकवायचं, फोटो काढायचे. मला यातल्या फोटोंशीच कर्तव्य आहे.

नॉर्वेत जुन्या शेतघरात गेलात तर बैठकीच्या खोलीत एक फ्रेम हमखास दिसते. त्याच घराचा, गोठ्याचा, आसपासच्या शेताचा वरून तिरपा घेतलेला फोटो, रंग हातानं भरलेले. विमान खाली आणायचं, एका अंगावर कलतं करायचं, फोटो घ्यायचा. मग विक्रेते नमुने घेऊन दारोदार जायचे. युद्धानंतर तर गावंच्या गावं अशी टिपली गेली. राजवाडे नाहीत, देवळं नाहीत. दहा गाई असलेल्या माणसाचं घर.

माझी एक सहकारी मला तिच्या आईकडे हेडमार्कला घेऊन गेली होती. त्या आजींनी फ्रेम खिळ्यावरून काढून माझ्या मांडीवर ठेवली. अंगणात दोरीवर कपडे, आणि कपड्यांच्या पलीकडे एक लहान मुलगी मान वर करून बघतेय. "ती मी," आजी म्हणाल्या. गोठा तेव्हा करडा होता, रंग भरणारीनं तो लाल करून टाकला, ही तक्रार त्यांनी इतक्या वर्षांनीही मनापासून केली. मला त्यांचा हेवा वाटला, आणि तो तिथं कुणाला सांगता आला नाही.

कारण आमचं गाव उजनीच्या पाण्याखाली आहे. भीमेच्या काठावरचं, करमाळा तालुक्यातलं. मी जन्मले तेव्हा ते नव्हतंच. मी वाढले ती पुनर्वसनाच्या गावठाणात, आखीव रस्त्यांच्या आणि बिनझाडांच्या. जुन्या घराचा एकही फोटो आमच्याकडे नाही. आजी सांगायची ते ऐकलंय: नदीकडे उतरणारी वाट, चौकातला निंब, मारुतीच्या पाराला पडलेली चीर. ऐकलेल्या गोष्टींना दिशा नसते. निंब दाराच्या डाव्या हाताला की उजव्या, यावर माझ्या चुलत्यांचं आजही भांडण होतं.

म्हणून विडेरो. खरं उत्तर इतकंच आहे. पण ते पूर्ण नाही, आणि तुमचे प्रश्न चुकीचे आहेत असंही मी म्हणत नाही.

देवमाशांचा प्रश्न आधी घेते, कारण तो टाळण्यात मी बरीच वर्षं घालवली. 1936-37 च्या मोसमात विडेरो अंटार्क्टिकाला गेला तो लार्स क्रिस्टेन्सेन या बड्या व्हेलिंग मालकाबरोबर, त्याच्या थोर्सहावन जहाजावरून. हे जहाज शिकारी ताफ्याला इंधन पुरवायचं आणि येताना देवमाशांचं तेल घेऊन यायचं. त्या जहाजावर एक स्टिन्सन विमान, समुद्रावर उतरता यावं म्हणून खाली तरंगते पाय लावलेलं. चालवायला विडेरो, कॅमेऱ्यावर निल्स रोमनेस. 6 फेब्रुवारी 1937 ला ते किनारा ओलांडून आत गेले आणि बर्फाच्या पठारातून वर आलेली एक अख्खी पर्वतरांग त्यांना दिसली. त्याआधी ती कुणा माणसाच्या नजरेला पडली नव्हती. नॉर्वेतल्या रोनदाने डोंगरांवरून तिला सोर रोनदाने, म्हणजे दक्षिणेकडची रोनदाने, असं नाव मिळालं. किनाऱ्यापासून सुमारे 200 किलोमीटर आत. आज तिथल्या एका डोंगराला विडेरोचं नाव आहे, एकाला रोमनेसचं.

या कामातली हिंमत मी कमी लेखू देणार नाही. एकच इंजिन, खाली उतरायला बर्फाचे तुकडे तरंगणारं पाणी, बिघाड झाला तर शोधायला येणारं दुसरं विमान नाही. त्या मोहिमेत सुमारे 2200 तिरपे फोटो घेतले गेले. तिरप्या फोटोवरून नकाशा करणं सरळ वरून घेतलेल्या फोटोपेक्षा अवघड असतं. मी हेच काम करते, म्हणून सांगते. लांबचं सगळं आकसतं, पुढचा डोंगर मागची दरी झाकतो. फोटोत क्षितिज आलं असेल तर कॅमेरा किती कलला होता ते काढता येतं. विमानाची उंची ठाऊक असेल आणि खाली जागा पक्की ठाऊक असलेले दोन-चार बिंदू असतील, तर हळूहळू जमीन मांडत जाता येतं. त्याच फोटोंवरून हान्सेन नावाच्या नकाशाकारानं नकाशे केले, ते 1946 मध्ये छापून आले. दहा वर्षं एक माणूस त्या चित्रांकडे बघत बसला असेल, या विचारानं मला अजूनही भरून येतं.

पण विमान तिथं का नेलं होतं? 1930-31 च्या एका मोसमात त्या समुद्रांत 29 हजारांहून जास्त निळे देवमासे मारले गेले होते. तेल मार्गारीनला आणि साबणाला. क्रिस्टेन्सेनला भूगोलाची खरी ओढ होती, हे मी मानते. पण ज्याचा किनारा, त्याची शिकारीची परवानगी, हाही हिशोब त्यात होता. 14 जानेवारी 1939 ला नॉर्वेनं अंटार्क्टिकाच्या क्वीन मॉड लँड या भागावर हक्क सांगितला, जर्मनांची मोहीम तिथं पोचायच्या बेतात असताना. सोर रोनदाने त्या हक्काच्या आत येतात. फोटो आधी, हक्क मागून.

पूर्वी मी यावर दोन उत्तरं द्यायचे. पहिलं, विडेरो नुसता वैमानिक होता, हिशोब मालकाचा. हे आता मला पटत नाही. आपण कशासाठी उडतोय हे त्याला माहीत नव्हतं असं समजणं म्हणजे त्याला लहान करणं. दुसरं उत्तर इथल्या मराठी मंडळातल्या लोकांसाठी होतं: आपला काही संबंध नाही कसा? भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहून निघाली ती पोलर सर्कल या नॉर्वेच्या भाड्याच्या जहाजावरून. 2012 मध्ये सुरू झालेलं आपलं भारती केंद्र लार्समन टेकड्यांवर आहे, आणि त्या किनाऱ्याला लार्स क्रिस्टेन्सेनच्या बायकोचं, इंग्रिडचं नाव आहे. 1936-37 च्या त्याच मोहिमेच्या फोटोंवरून तिथले किती तरी सुळके आणि बेटं पहिल्यांदा नकाशावर आली. हे सगळं खरं आहे. पण माझ्या आस्थेचं कारण ते नाही. लोकांना पटेल असं काहीतरी द्यावं म्हणून मी ते सांगत होते.

आता अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं सांगते.

इथल्या एका ग्रंथालयात मला धरणाच्या आधीचा, एक इंच एक मैल मापाचा नकाशा सापडला. त्यात आमचं गाव होतं. निळी नदी, पिवळी शेतं, वस्तीचे लाल ठिपके, देवळाची खूण, विहिरींची बारीक वर्तुळं. मी तो मोठा करून छापून घेतला आणि दिवाळीला घेऊन गेले. माझ्या मनात सगळं ठरलेलं होतं. अण्णा तो बघतील, बोट ठेवून सांगतील, मी लिहून घेईन, निंबाचं भांडण मिटेल. नंतर बैठकीत लावू. त्या हेडमार्कच्या आजींसारखं.

अण्णांनी चष्मा लावला. नदीवरून बोट फिरवत खाली आले, गावापाशी थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "हे काढलं कुणी?"

मी शिकवल्यासारखं सांगायला लागले. मोजणी कशी करतात, पातळी कशी घेतात, पुढे विमानातून फोटो कसे घ्यायला लागले. विडेरोचंही सांगितलं. ते ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. मध्येच म्हणाले, "दुर्बीणवाले आमच्यात पण आले हुते. मी त्यांची पट्टी धरलीय."

हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आईलाही नाही. धरणाच्या मोजणीची माणसं आली तेव्हा अण्णा अठरा-एकोणीस वर्षांचे होते. आकडे लिहिलेली लांब पट्टी उभी धरायला त्यांना पोरगा हवा होता, रोज मिळणार होता. अण्णा त्यांच्याबरोबर गावभर फिरले. पाराशी धरली, विहिरीशी धरली, शाळेच्या पायरीशी. "आपल्या उंबऱ्यावर पण मीच धरली," म्हणाले. "साहेब लांबनं हात करायचा, जरा डावीकडं, जरा सरळ. मी सरळ करायचो. आईनं त्याला ताक दिलं." पुढे बुडीत क्षेत्राची रेघ ठरली, तेव्हा आपण काय धरून उभे होतो ते त्यांच्या ध्यानात आलं. मोबदल्याच्या रांगेत, पुनर्वसनाच्या चकरांत, ते हे कुणाशी बोलले नाहीत. आजीशीही नाही, आणि ती गेली.

मी म्हणाले, अण्णा, तुम्ही नसती धरली तर दुसऱ्या कुणी धरली असती. ते म्हणाले, "ते मला कळतंय." मग नकाशाची घडी घातली, नीट, माझ्याच घड्यांवर, आणि माझ्याकडे दिली. "गाव आधी त्यांच्या वहीत बुडालं. पाणी मागनं आलं. ह्ये घरात लावू नको."

मी ऐकलं नाही. मला राग आला होता. त्यांचा नाही, पण निघाला त्यांच्यावरच. मी त्या नॉर्वेच्या आजींचं सांगितलं, दोरीवरच्या कपड्यांचं, मान वर केलेल्या पोरीचं. बघा, वरून बघणारा माणूस प्रत्येक वेळी काही न्यायलाच येतो असं नाही, कधी देऊनही जातो. अण्णा म्हणाले, "तिला दिलं, कारण तिचं घर तिथंच राहणार हुतं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. तेव्हापासून विडेरोचा कुठलाही फोटो बघताना मी आधी विचारते की हा कुणी मागवला होता. शेतघराचा फोटो शेतकऱ्याला विकायला काढला. अंटार्क्टिकाचा फोटो क्रिस्टेन्सेननं काढवला. वैमानिक तोच, हात तेवढेच पक्के. त्या समुद्रातल्या देवमाशांना कुणी फोटो दाखवायला गेलं नाही, आणि भीमाकाठच्या माणसांनाही नाही.

मग कौतुक सोडून दे, असं मैत्रीण म्हणते. मी सोडलेलं नाही. विडेरोनं पुढे काय सोसलं तेही मला ठाऊक आहे: त्याच 1937 साली आरिल्ड विमान अपघातात गेला, आणि जर्मनांच्या ताब्याच्या काळात विग्गोला अटक होऊन तुरुंगात राहावं लागलं. म्हणून व्हेलिंगचा हिशोब मिटतो असं मी म्हणणार नाही. पण हेही म्हणणार नाही की, मालकासाठी काढलेला फोटो कायम मालकाचाच राहतो. नॉर्वेत आज गावोगावची इतिहासाची हौस असलेली माणसं ते जुने फोटो पुढ्यात घेऊन कुणाचं घर, कुणाची विहीर, ओळखत बसतात. ज्या गोठ्यांची आता जागाही दिसत नाही, ते त्यांत आहेत. हे अण्णांच्या बोलण्यात बसत नाही, आणि अण्णांचं बोलणं यात बसत नाही. दोन्ही मी बाळगून आहे.

त्या दिवाळीत निघताना आत्यानं मला मागच्या खोलीत ओढलं. "तो कागद दाव," म्हणाली. तिनं मोबाइलवर त्याचे फोटो काढले, गावापाशी मोठं करून पुन्हा एक काढला, आणि लाल ठिपक्यांतला आपला कुठला ते विचारलं. मला सांगता आलं नाही. त्या मापाच्या नकाशात घर कळत नाही. तिनं स्वतःच एक ठिपका ठरवला. अण्णांना सांगू नको, म्हणाली.

तर विडेरो माझा कुणी लागत नाही. पण आमच्यावरून असं कुणी उडालं असतं, आणि फोटो आजीच्या हातात देऊन गेलं असतं, तर मला हवं होतं. हे मागणं भाबडं आहे असं अण्णांना वाटतं. असू दे.

आणि तुम्ही विचारलंतच आहे, तर मीही एक विचारते. उजनीत गेलेल्या गावांतलं तुमच्यापैकी कुणी असेल, किंवा तुमच्या सासर-माहेरचं कुणी असेल, तर जुन्या पेट्या बघा. 1970 च्या आसपासचा किंवा आधीचा कुठलाही फोटो चालेल. लग्नातला, शाळेतला, बैलपोळ्याचा. माणसं ओळखीची नसली तरी चालतील, मागे भिंत किंवा झाड दिसत असेल तर मला कळवा.