सध्याचा पगार : २२,०००

पुण्यात खराडीतल्या एका कंपनीत मी भरतीचं काम बघते. उमेदवाराला पहिला फोन लावला की तीन प्रश्न ठरलेले : सध्याचा सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, किती, अपेक्षा किती, नोटीस पिरियड किती. सहा वर्षांत ते इतक्यांदा विचारलेत की उत्तर येण्याआधीच बोटं कीबोर्डवर गेलेली असतात.

जानेवारीत असाच एक फोन लावला. सिंहगड रोडच्या बाजूला एका विनाअनुदानित शाळेत बारा वर्षं गणित शिकवणाऱ्या बाई. आमच्याकडची जागा होती प्रशिक्षणाचे धडे तयार करण्याची, दुकानांतल्या कर्मचाऱ्यांसाठी.

"महिना बावीस हजार हातात. पीएफ वगैरे काही नाही," त्यांनी सरळ सांगितलं.

"आणि अपेक्षा?"

"त्याआधी एक विचारू का, मॅडम? या जागेसाठी तुम्ही किती पगार धरलाय?"

हा आकडा उमेदवाराला सांगायचा नाही, असं आम्हाला पहिल्या दिवसापासून बजावलेलं असतं. माझ्यासमोर स्क्रीनवर दोन आकडे होते. जागेचं बजेट वर्षाला साडेपाच ते साडेसात लाख. आणि बाईंच्या वर्षाच्या २,६४,००० वर ३० टक्के वाढ धरून सिस्टिमनं काढलेला आकडा, ३,४३,२००. काम तेच, खुर्ची तीच. आधीच्या शाळेनं कमी दिलं म्हणून आम्हीही कमीच द्यायचं, याला मी इतकी वर्षं नियम म्हणत आले होते. त्या दिवशी ते मला बोलवेना. मी बजेट सांगून टाकलं.

"उद्या हिशेब करून कळवते," त्या म्हणाल्या.

क्षेत्र बदलणारी बहुतेक माणसं इथे "कंपनीच्या नियमाप्रमाणे द्या" म्हणतात. मग आम्ही सर्वात खालचा आकडा लावतो, हे मी अनेकदा केलंय. काहीजण सध्याचा पगार फुगवून सांगतात. ते तर करूच नये. पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट मागितलं जातं, तिथे खोटं उघडं पडतं आणि हातातली नोकरी जाते.

दोन दिवसांनी त्या मुलाखतीला आल्या. टीम लीडनं एक छोटा धडा बनवायला दिला होता, सवलतीवर सवलत. ८०० रुपयांची वस्तू, आधी १० टक्के कमी, मग उरलेल्यावर आणखी ५ टक्के. उत्तर ६८४. बाईंनी पर्यायांत ६८० आणि ७६० ठेवले होते. "६८० लिहिणारा दहा आणि पाच मिळवून मोकळा होतो. ७६० लिहिणारा पहिली सवलत विसरतो. कोण कुठे चुकला ते कळल्याशिवाय शिकवणार काय?" टीम लीड तो कागद बराच वेळ बघत राहिले. ही नजर बारा वर्षं वह्या तपासून आलेली होती. तिला 'अनुभव शून्य' कसं म्हणायचं?

मग माझ्या टेबलाशी बसून त्यांनी चौकटीची वही उघडली. "साडेसहा लाख धरले, बेसिक निम्मं. कंपनीचा पीएफचा वाटा बेसिकच्या १२ टक्के, ३९,०००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, साधारण १५,६००; ती तर पाच वर्षं टिकले तर मिळणार. माझा पीएफ पुन्हा ३९,०००. व्यवसाय कर वर्षाला २,५००. महिलांना महिना पंचवीस हजारांपर्यंत तो नसतो, म्हणून आजवर मला लागला नाही. हातात महिना सेहेचाळीस हजार. बरोबर?"

बरोबर होतं.

"माझी अपेक्षा साडेसहा ते सात. सहाच्या खाली मी येणार नाही. या कामात मी नवी आहे म्हणून वरचा आकडा मागत नाही, पण शिकवण्यात नवी नाही."

आता माझी पाळी होती. ४० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ द्यायची तर आमच्याकडे वरची मंजुरी लागते, आणि ही तर जवळजवळ अडीचपट होती. मी मंजुरीच्या अर्जात 'वाढ' हा शब्दच लिहिला नाही. जागेचं बजेट, त्याच टीममधल्या लोकांचे पगार आणि तो ६८४ चा कागद जोडला. अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्यांदा टीम लीड स्वतः वर गेले. ६,६०,००० मंजूर झाले.

आनंदानं फोन केला. तिसरा प्रश्न राहिला होता. "शाळेत नोटीस एक महिन्याची आहे ना? मग मार्चच्या पहिल्या आठवड्यात या."

"नाही जमणार, मॅडम. माझ्याकडे दहावीचा वर्ग आहे. बोर्डाचे पेपर संपेपर्यंत मुलांना सोडता येणार नाही. त्यासाठी जागा गेली तर जाऊ दे."

पगारावर इतकं नेटानं बोललेल्या बाई इथे एक शब्दही जास्त बोलल्या नाहीत. मी फोन ठेवला, टीम लीडकडे गेले आणि ऑफर लेटरवर रुजू होण्याची तारीख १ एप्रिल घालून घेतली.