डॉकिंग चार रात्रींत, सबस्ट्रेटला पाच महिने

कोरोना विषाणूच्या मेन प्रोटिएजला, म्हणजे त्याची प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमला, अडवणारे रेणू शोधणं हा माझा पीएचडीचा विषय. प्रोटीन डेटा बँकेतली ६एलयू७ ही रचना घेतली, कापण्याचं काम करणाऱ्या सिस्टीन १४५ आणि हिस्टिडीन ४१ या अमिनो आम्लांभोवती बॉक्स आखला आणि ऑटोडॉक व्हिना या प्रोग्रॅमवर चार रात्रींत दोन हजार संयुगं डॉक केली, म्हणजे ती तिथे कशी बसतील याचा संगणकावर अंदाज घेतला. त्यातली वीस मागवली. एन्झाइम शेजारच्या लॅबने बनवून दिलं.

अडलं सबस्ट्रेटपाशी, म्हणजे एन्झाइम जे कापतं त्यापाशी. हा छोटा पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची साखळी असतो, एका टोकाला एडॅन्स हा चमकणारा रेणू, दुसऱ्याला डॅबसिल. अख्खा असेपर्यंत डॅबसिल एडॅन्सचा उजेड गिळतो, एन्झाइमने ग्लुटामीनपुढे कापला की उजेड वाढतो. तो मोजता आला नाही तर डॉकिंगचे आकडे नुसतेच आकडे. आमच्या खरेदी विभागाने आधी तीन कोटेशनं मागितली. मग सरकारी खरेदीच्या ‘जेम’ पोर्टलवर वस्तू मिळत नाही याचा अहवाल. तो जोडला तोवर कोटेशनची तीस दिवसांची मुदत संपली, फाइल परत. नवीन कोटेशनमध्ये दर वाढलेला, म्हणून गाइडची सही पुन्हा. दर सोमवारी जायची, दर सोमवारी एकच उत्तर: “साहेबांच्या टेबलावर आहे.” वीस कुप्या उणे वीसला पडून होत्या आणि फेलोशिपचे महिने सरत होते. त्याचा राग अजून गेलेला नाही. तुम्ही डॉकिंगला बसायच्या आधी सबस्ट्रेटचा इंडेंट (खरेदीची मागणी) टाका, आणि कोटेशन नव्वद दिवसांच्या मुदतीचं मागा.

पाच महिन्यांनी डबा आला तेव्हा आतला ड्राय आइस उडून गेला होता. पेप्टाइड कोरडी पूड होती म्हणून वाचली.

पुढचं आठवड्यात उरकलं. वीसपैकी सहा संयुगांनी एन्झाइम अडवलं. मग बफरमध्ये ०.०१ टक्का ट्रायटन हे डिटर्जंट घातलं, आणि व्हिनाने पहिला नंबर दिलेलं संयुग सगळ्यात आधी गळालं. असे रेणू गोळा होऊन एन्झाइमला नुसते चिकटतात, डिटर्जंटने गोळे सुटतात. आणखी दोन त्यातच गेली. डीटीटी (सिस्टीनसारखाच सल्फर गट असलेलं रसायन) घातल्यावर अजून एक गेलं, ते कुठल्याही सिस्टीनला धरणारं होतं. पाचवं पिवळंधमक, स्वतःच उजेड शोषत होतं. पिवळ्या संयुगांचा कोरा कंट्रोल लावाच, आणि प्रत्येक प्लेटवर निरमाट्रेलविर हे याच एन्झाइमला अडवणारं औषध ठेवा, म्हणजे एन्झाइम नीट आहे हे कळतं.

सहावं टिकलं. आयसी५०, म्हणजे एन्झाइमचं काम निम्म्यावर आणणारी मात्रा, अठरा मायक्रोमोलर. निरमाट्रेलविर नॅनोमोलरमध्ये काम करतं, त्यापुढे हे काहीच नाही, तरी तीन वेगवेगळ्या दिवशी तोच वक्र आला आणि मी तो छापून टेबलासमोर लावला.

हो, सबस्ट्रेट डीएमएसओ या द्रावकात विरघळवल्यावर लगेच छोट्या कुप्यांत वाटा, फॉइल गुंडाळा. पुन्हा मागवायची वेळ आणू नका.