मिठाचा हिशेब आणि पर्वतीच्या पायऱ्या

मार्चअखेरची धावपळ संपली आणि एप्रिलमध्ये सहज बीपी मोजून घेतलं. १४२/९२. आमचे डॉक्टर म्हणाले, "गोळीचं तीन महिन्यांनी बघू. तोवर मीठ कमी, रोज चालणं आणि वेळेवर झोप." मी मान डोलावली आणि घरी येऊन फॅमिली ग्रुपवर ही बातमी टाकली. चुकलंच.

दोन दिवसांत सतरा उपाय आले. दुधीच्या रसाला मी साफ नकार दिला. दुधी कडू निघाला तर तो रस जिवावर बेतू शकतो. मेथ्यांचं पाणी मात्र प्यायले. उरलेल्या मेथ्या वाटीत विसरले, तर तिसऱ्या दिवशी मोड आलेले. उसळ केली, झकास झाली.

मीठ मात्र मी मनावर घेतलं, कारण त्यात आकडे होते आणि आकडे हा माझा धंदा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. आम्ही तिघं. तीस दिवसांचे ४५० ग्रॅम. आणि आमच्याकडे किलोचा पुडा महिनाभरही पुरत नव्हता! लोणची, पापड, फरसाण यांतलं मीठ तर हिशेबातच नाही. मी पुड्यावर पेनाने तारीख घालायला लागले. कणकेतलं मीठ बंद केलं, ते कोणाला कळलंसुद्धा नाही. आमटीतलं कमी केलं ते लगेच कळलं. "आजारी तू आहेस, आम्ही नाही," इति अहो. आता आमटीत लिंबू जरा जास्त पिळते.

संध्याकाळी साडेसहाचा ऑफिसातला चहा सोडला. चहातलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांनीही अंगात असतं म्हणे. पहिला आठवडा डोकं दुखलं, मग रात्री तीनला जाग येणं कमी झालं.

चालण्याचं श्रेय शेजारच्या काकूंचं. वय अडुसष्ट, रोज सकाळी सहाला पर्वती. १०३ पायऱ्या, रुंद आणि उतरत्या, त्यामुळे पावलांचा ताल काही जमत नाही. पहिल्या दिवशी मी तीनदा बसले. काकू म्हणाल्या, "बोलता येईल इतक्याच वेगाने चढ. धाप लागली की थांब, वर कोणी हजेरी घेत नाही."

जुलैत रिटर्नची मुदत जवळ आली, एका क्लायंटने फोनवर वाटेल ते सुनावलं, आणि दुसऱ्या दिवशी वर पोचल्यावर मला रडूच फुटलं. काकूंनी काही विचारलं नाही. बराच वेळ दोघी शहराकडे बघत बसलो. मग म्हणाल्या, "पानिपतानंतर नानासाहेब पेशवे इथंच खचून गेले, १७६१ साली. त्यांचं पानिपत झालं होतं गं. तुझं काय झालंय?"

"ऑडिट," मी म्हटलं आणि हसायलाच आलं.

त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली, मूठभर भाजलेले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले.

"खा. बिनमिठाचे आहेत."