डोळ्यांतली चमक कोणाला दिसते

नागपूर, मे, रविवार

‘ब्लेड रनर’ या सिनेमात (१९८२) रेप्लिकंटांच्या, म्हणजे हुबेहूब माणसासारख्या घडवलेल्या कृत्रिम माणसांच्या, डोळ्यांत अधूनमधून तांबूस-सोनेरी चमक येते. छायाचित्रकार जॉर्डन क्रोनेनवेथ यांनी ती सेटवरच घडवली. भिंगासमोर ४५ अंशांत अर्धपारदर्शक आरसा, बाजूने त्यावर मंद प्रकाश. तो भिंगाच्याच रेषेत नटाच्या डोळ्यांत शिरतो आणि दृष्टिपटलावर आपटून आल्या वाटेने कॅमेऱ्यात परततो.

आपल्याकडच्या शॉर्ट फिल्म करणाऱ्या पोट्ट्यांनी हे जरूर करावं. साधी काच चालत नाही, ती जेमतेम दहावा हिस्सा प्रकाश परतवते. अर्धा आरसा घेतला की कॅमेऱ्याचा प्रकाश निम्मा होतो, म्हणजे एक स्टॉप जातो. दिव्याच्या समोरच्या बाजूला काळी मखमल हवीच. नाहीतर आरपार गेलेला प्रकाश तिकडची भिंत उजळतो आणि ती भिंत चित्रावर धुक्यासारखी पसरते. दिवा जास्त झाला तर चेहरा पांढरा पडतो. आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हातून आलेल्या नटाला आधी पाचेक मिनिटं अंधाऱ्या खोलीत बसवा. बाहुली बारीक असेल तर चमक येतच नाही.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की ही चमक दिव्याच्या रेषेत असणाऱ्यालाच दिसते. बाजूला उभ्या असलेल्याला नाही. म्हणून समोरचा रेप्लिकंट आहे हे प्रेक्षकाला क्षणात कळतं, आणि राशेल माणूस की रेप्लिकंट हे ठरवायला रेप्लिकंटांना शोधून मारणाऱ्या डेकार्डला शंभरावर प्रश्न विचारावे लागतात. रेप्लिकंट बनवणाऱ्या कंपनीच्या मालकाने, टायरेलने, तर त्यांना घडवलंय! पुतणीच्या आठवणी राशेलला दिल्या, बाकीच्यांना चार वर्षांचं आयुष्य. पण रेप्लिकंटांचा म्होरक्या रॉय आयुष्य वाढवून मागायला समोर येतो, तेव्हा जाड चष्म्याआडून तो आधी जैवरसायन समजावतो आणि मग स्वतःच्या कारागिरीचं कौतुक करतो. समोरचा मरणाला घाबरलाय, हे त्याला शिवतच नाही. रॉय त्याचे डोळेच फोडतो. त्या कथेत दुसरं काही शोभलं नसतं.

‘रोबोट’ सिनेमातला (२०१०) शास्त्रज्ञ वसीगरन मला टायरेलपेक्षा जवळचा वाटतो. आपण बनवलेल्या चिट्टी या रोबोटला त्याने स्वतःचाच चेहरा दिलाय, दोन्ही भूमिका रजनीकांतच्याच. चिडून तो चिट्टीचे तुकडे करतो आणि ते कचऱ्यात जातात, हा गुन्हाच. पण वसीगरनच्या गुरूने, बोहराने, त्या तुकड्यांतून लाल चिप घालून राक्षस उभा केला, तेव्हा निस्तरायला तोच पुढे येतो. टायरेल तेवढंही करत नाही.