सौदा फिरला त्या रात्री

डिसेंबरात आमची पुढची खोली कापसाने भरलेली असते. पहाटे हिंगणघाटला गाडी न्यायची म्हणून बाबा जागेच होते. मी त्याच खोलीत बाजेवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो, कीबोर्डवर कापसाचे तंतू.

आमची छोटी टीम काऊ प्रोटोकॉलवर, म्हणजे इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या क्रिप्टो अदलाबदलीच्या बाजारात, सॉल्व्हर चालवते: लोकांच्या ऑर्डरींवर बोली लावून सौदा पुरा करणारा प्रोग्राम. माणूस फक्त ऑर्डरवर सही करतो: इतकं रॅप्ड इथर (इथेरियमच्या नाण्याचं टोकन रूप) विकायचं, कमीत कमी इतके यूएसडीसी (डॉलरशी बांधलेलं टोकन) हवेत, अमुक वेळेपर्यंत. लिलाव इथेरियमच्या बाहेर होतो. जिंकलेला सॉल्व्हर व्यवहार चेनवर नेतो.

साडेअकराला आम्ही मोठी ऑर्डर जिंकली. इथेरियमवर ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा नवा गठ्ठा, 12 सेकंदांनी येतो. तेवढ्यात आम्ही ज्या पूलमध्ये (टोकन बदलून देणाऱ्या साठ्यात) इथर विकणार होतो, तिथला भाव पडला. कबूल केलेले यूएसडीसी जमलेच नाहीत. स्क्रीनवर लाल अक्षरं, रिव्हर्ट: व्यवहार रद्द. माझे हात गार पडले.

"मंग त्या माणसाचे पैसे गेले का?" बाबांनी विचारलं.

त्यांनी ते भोगलं होतं. गेल्या वर्षी यार्डात बोली लागली, चिठ्ठी मिळाली. जिनिंगवर गाडी अर्धी रिकामी झाल्यावर व्यापारी म्हणाला, ओल जास्त आहे, क्विंटलमागे दोनशे कमी. ढिगात मिसळलेला कापूस परत कसा भरायचा?

"नाही गेले, बाबा." चेनवर आपोआप चालणारा प्रोग्राम, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट, सही, मुदत आणि किमान भाव तपासतं, काहीही चुकलं की सगळाच व्यवहार मागे फिरतो. पैसे उचलायची परवानगीही वेगळ्या रिलेअर कॉन्ट्रॅक्टकडे असते, सॉल्व्हरला त्याला परस्पर हात लावता येत नाही. गॅसचा, म्हणजे चेनवर व्यवहार चालवायच्या शुल्काचा, खर्च तेवढा आमच्या माथी.

एक गोष्ट मात्र मी लपवली नाही. किमान भावाच्या वर आम्ही बोलीत जे कबूल करतो, त्यावर कॉन्ट्रॅक्टचा पहारा नसतो. तिथे राखण लिलावाच्या नियमांची आणि सॉल्व्हरसाठी ठेवलेल्या तारणाची. मला हीच जागा कच्ची वाटते.

ती ऑर्डर पुढच्याच लिलावात दुसऱ्या सॉल्व्हरने पुरी केली. मी आमच्या सॉल्व्हरमध्ये व्यवहार पाठवण्याआधी ताज्या ब्लॉकवर पुन्हा तपासणी जोडली.

गाडी भरताना बाबा म्हणाले, "ते माल उतरवायच्या आधी तपासते का?"

"उतरवतानाच. नाही जमलं तर माल गाडीतच."

त्यांनी मान हलवली आणि ताडपत्रीची दोरी ओढली.