न्हाणीघरातलं गाणं

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात न्हाणीघर म्हणजे शहाबादी फरशी, तांब्याचा बंब आणि घुमणारा आवाज. मामा तिथे तासभर गायचा, आजी बाहेरून कडी वाजवायची. त्यामुळे अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमन न्हाणीघरातच, दिवा मालवून, नळ सोडून गिटार वाजवत बसायचा आणि 'द साउंड ऑफ सायलेन्स' हे त्याचं गाणं त्यातूनच आलं, हे वाचून मला नवल वाटलं नाही. (नळ सोडून! पेठेत कुणी करून दाखवावं.)

१९६४ साली सायमन आणि त्याचा जोडीदार गायक गारफंकेल यांनी ते साध्या गिटारवर गायलं. अल्बम पडला, जोडी पांगली, सायमन इंग्लंडला गेला. मग १९६५ मध्ये निर्माता टॉम विल्सननं दोघांना न विचारताच त्यावर इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम चढवले. शुद्ध आगाऊपणा! पण जानेवारी १९६६ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. १९६७ च्या 'द ग्रॅज्युएट' चित्रपटातही ते वाजलं.

मामाच्या कॅसेटवर ड्रमवालं होतं. मला मात्र आधीचं, बोडकं गाणंच आवडतं. परवा लाइट गेल्यावर न्हाणीघरात मोबाइलवर तेच लावलं. दोन मिनिटांत कडी वाजली.

"अरे, पाणी जाईल!"