उंदीर मिळायला दोन वर्षं?

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी अनुदानित प्रकल्पांचं व्यवस्थापन बघते. प्रयोग शास्त्रज्ञ करतात. बजेट, हप्ते, परवानग्या आणि अहवाल माझ्या टेबलावर असतात. यातले बरेच प्रकल्प उंदरांच्या जनुकांवरचे. हे कळलं की लग्नाकार्यात कुणीतरी हमखास विचारतं, "अहो, घरात एक उंदरीण शिरली तर महिन्याभरात पलटण उभी राहते. तुमच्याकडे सरकारी पैसा, एसी खोल्या, आणि तरी उंदीर मिळायला दोन वर्षं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पलटण आमच्याकडेही होते. गर्भारपण 19 ते 21 दिवसांचं, साधारण 21 दिवसांनी पिल्लं आईपासून वेगळी, सहा-आठ आठवड्यांत वयात येतात. अडतं ते हवा तोच उंदीर मिळण्यात.

समजा एखादं जनुक फक्त यकृतात बंद करून बघायचं आहे. मग दोन वाण लागतात. एकात त्या जनुकाच्या दोन्ही प्रतींना कापायच्या जागेच्या खुणा घातलेल्या असतात, त्याला आम्ही 'फ्लॉक्स्ड' म्हणतो. दुसऱ्यात 'क्रे' नावाचं, त्या खुणांवर कापणारं विकर फक्त यकृतात तयार होतं. दोघांचा संकर केला की निम्म्या पिल्लांत क्रे येतं, पण खुणांची प्रत एकच. ती पिल्लं मोठी झाली की पुन्हा फ्लॉक्स्ड उंदरांशी जोडी. आता हवं ते पिल्लू चारांत एक. आणि प्रयोगाला नरच हवे असतील तर आठांत एक. एका वेतात पिल्लं सहा ते आठ. म्हणजे एका बाळंतपणामागे जेमतेम एक नर! एकाच वयाचे दहा हवे असतील तर त्याच आठवड्यात दहा माद्या व्यायला हव्यात, आणि काहींना दिवस जाणारच नाहीत, एखादी पहिलटकरीण पिल्लं खाऊन टाकेल, हे धरून जोड्या त्याहून जास्त लावाव्या लागतात. तुलनेसाठी त्याच वेतातले, क्रे नसलेले भाऊ हवेत. प्रत्येक पिल्लाच्या कानाचा इवलासा तुकडा घेऊन पीसीआर, म्हणजे डीएनएची तपासणी, करायची, तेव्हा कळतं कोण कोण आहे ते.

हे झालं सगळं सुरळीत असताना. वाण मिश्र असेल तर तो एकाच शुद्ध वाणाशी दहा पिढ्या जोडत न्यायचा रिवाज आहे. अडीच-अडीच महिन्यांची पिढी धरा आणि गुणाकार करा. डीएनए खुणा बघून दर पिढीत नेमकी पिल्लं निवडली तर पाचेक पिढ्यांत भागतं, पण तो खर्च बजेटमध्ये आधीच मागितलेला असावा लागतो. प्रस्ताव तीन वर्षांचा असतो आणि पीआय, म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख शास्त्रज्ञ, पहिल्या वर्षाच्या रकान्यात बिनधास्त लिहितात, 'उंदरांची निर्मिती व प्राथमिक निरीक्षणे'. मी पेन्सिलीनं बाजूला प्रश्नचिन्ह काढते.

खरेदीची गंमत वेगळीच. सी57 ब्लॅक 6 हा काळा उंदीर जगभरच्या प्रयोगशाळांत चालतो, पण त्याचे 'जे' आणि 'एन' असे दोन उपवाण आहेत. अमेरिकेतल्या बार हार्बरच्या जॅक्सन लॅबोरेटरीतून तो वाण 1951 साली एनआयएचकडे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेकडे, गेला आणि तिथून वाटा फुटल्या. 'जे'मध्ये एनएनटी हे जनुक बिघडलेलं आहे, त्याचा इन्सुलिन स्रवण्यावर परिणाम दिसतो. 'एन'मध्ये डोळ्याच्या पडद्याला बाधणारा आरडी8 हा दोष आहे. आता हे खरेदी समितीला सांगा. तीन कोटेशनं, सगळ्यात स्वस्त तो एल-वन, आणि काळे उंदीर ते काळेच! मधुमेहाच्या प्रकल्पात निम्मे 'जे' आणि निम्मे 'एन' घुसले तर तीन वर्षांचा डेटा रद्दीत. म्हणून अमुकच उपवाण का, याचं प्रमाणपत्र मी पीआयकडून निविदेच्या आधीच लिहून घेते.

मग 31 मार्च. खर्चाचा दाखला, म्हणजे यूसी, गेल्याशिवाय पुढचा हप्ता हलत नाही. हप्ता पावसाळ्यात आला तरी उंदीर एप्रिलपासून रोज खातच असतात, पिंजरे बदलावेच लागतात. पैसे अडकले की पहिला विचार येतो वसाहत लहान करायचा. अशा वेळी दुर्मीळ वाणाचं वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर, ठेवलेलं असेल तर जीव भांड्यात पडतो. गोठवणुकीचे पैसे पहिल्याच बजेटमध्ये घाला, असं मी नव्या पीआयना कानीकपाळी ओरडून सांगते. कापाकापी झाली की पहिली तीच ओळ जाते, हा भाग वेगळा.

खरं तर पुष्कळ वाण नव्यानं बनवायची गरजच नसते. एनआयएचनं 2006 साली एकेक जनुक बंद केलेल्या उंदरांचा मोठा प्रकल्प हाती घेतला आणि 2011 पासून आयएमपीसी हा आंतरराष्ट्रीय गट ते काम वाटून करतोय. आधी त्यांच्या यादीत शोधायचं. तिथे दुसरंही कळतं. त्यांनी 1,751 जनुकांचे बंद-जनुक उंदीर तपासले, तेव्हा 410 जनुकांच्या बाबतीत पिल्लं जगलीच नाहीत. 2016 साली हे प्रसिद्ध झालं. तुमचं जनुक त्यातलं असेल तर 'प्रौढ उंदरांत निरीक्षणे' या वाक्याला अर्थ नाही, यकृतापुरतं बंद करायची ती लांबची वाटच धरावी लागते. मंजुरीनंतर हे कळण्यापेक्षा प्रस्तावाच्या मसुद्यातच कळलेलं बरं.

यावर चाणाक्ष माणूस लगेच विचारतो, मग आठांतल्या उरलेल्या सातांचं काय? एक भाऊ तुलनेला जातो, काही पुढच्या जोड्यांना, काहींच्या ऊती दुसऱ्या गटाला देतो. बाकीचे वेदनारहित पद्धतीनं मारावे लागतात. तेही संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीपुढच्या 'फॉर्म बी'मध्ये धरलेले असतात. फक्त कामाचे वीस उंदीर लिहून आलेला अर्ज मी परत पाठवते. ते वीस मिळवायला एकूण किती जन्मतील, तो आकडा मांडून आणा म्हणते. मंजूर आकडा मध्येच संपला तर पुन्हा अर्ज, पुन्हा समितीची बैठक, आणि तोवर जोड्या वेगळ्या करून ठेवायच्या.